खलाशांची दप्तरं खुली करा : सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुले पत्र

सन्माननीय सांस्कृतिक कार्यमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

कोल्हापूरला समुद्र नाही. तरी खलाशांच्या नोंदींसाठी मी इथून आपल्याला लिहितो आहे, कारण पुराभिलेख संचालनालय आपल्या खात्यात येतं आणि करवीर संस्थानाची दप्तरं इथल्याच पुरालेखागारात आहेत.

करवीर संस्थानाला स्वतःचं आरमार होतं, हे शहरातल्या शाळकरी पोरांना आज कोणी सांगत नाही. सिंधुदुर्ग आणि मालवणचं बंदर करवीरकर छत्रपतींचं. तिथली गलबतं इंग्रजांच्या व्यापाराला इतकी सलत होती की १७६५ मध्ये त्यांनी सिंधुदुर्ग घेतला आणि त्याचं नाव ‘फोर्ट ऑगस्टस’ ठेवलं. पुढच्याच वर्षी, जिजाबाई राणीसाहेबांच्या कारकिर्दीत, तह होऊन किल्ला परत आला. मग १८१२ च्या तहाने बंदर आणि किल्ला कायमचे कंपनी सरकारकडे गेले. तहाची कलमं छापील मिळतात. पण त्या गलबतांवरच्या तांडेलांचं, खलाशांचं पुढे काय झालं? कोणी गावी नांगर धरला असेल, कोणी कंपनीच्या ‘बॉम्बे मरीन’मध्ये गेलं असेल, कोणी घाट चढून इकडे आलं असेल. त्यांची नावं छापील इतिहासात नाहीत. असलीच तर मोडी कागदांत, रुमालात बांधलेली.

आमचं घराणं त्यांतलंच, असं घरात पिढ्यान् पिढ्या सांगतात. हातात कागद मात्र पुष्कळ नंतरचा आहे, पणजोबांचा. पत्र्याच्या नळीत गुंडाळून ठेवलेला आणि घड्यांवर विरलेला हा बोटीवरच्या नोकरीचा दाखला. हुद्दा आगवाला, म्हणजे बॉयलरसमोर उभं राहून कोळसा ओढणारा. नाव, वडिलांचं नाव, गाव मालवण, जिल्हा रत्नागिरी. आडनाव नाहीच. वय अंदाजे. पुढे उंची, आणि ओळखीची खूण म्हणून डाव्या भुवईवरचा व्रण. त्यांचा एकही फोटो घरात नाही. माणूस दिसायला कसा होता हे आम्हाला ठाऊक आहे ते एका कारकुनाने भरलेल्या या दोन रकान्यांतून. खाली बोटींची नावं, प्रत्येक बोटीचा सरकारी नंबर, चढल्या-उतरल्याच्या तारखा आणि वर्तनाचा शेरा.

यातला बोटीचा नंबर सगळ्यांत मोलाचा. एकाच नावाच्या बोटी अनेक असत, नंबर मात्र बोटीला जन्मभर एकच. तो हाती असला की त्या बोटीवरच्या माणसांची यादी कुठे शोधायची ते कळतं. १८६३ ते १९३८ पर्यंतच्या ब्रिटिश बोटींच्या याद्यांपैकी सुमारे ७० टक्के आज कॅनडात, न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात आहेत. ५ ने संपणाऱ्या वर्षांच्या बऱ्याचशा याद्या ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात आहेत, आणि त्यांतल्या १९१५ च्या याद्या तर कोणालाही फुकट, घरबसल्या बघता येतात. मीही बघितल्या. कप्तान, इंजिनिअर, मेट यांची नावं पत्त्यांसकट मिळतात. आपल्या माणसांपाशी आलं की वाट खुंटते, कारण हिंदी खलाशांचा करार वेगळा असे. सारंग, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, माणसं जमवी, मुंबईच्या शिपिंग मास्तरसमोर, म्हणजे खलाशांची भरती नोंदवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यासमोर, अंगठे उठत आणि ते कागद वेगळ्या वाटेने जात. त्यामुळे आमचा अर्धा शोध मुंबईतच संपायला हवा, आणि नेमका तिथेच अडतो.

मुंबईत मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात बुडालेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या मृतांच्या नावांची पुस्तकंही तिथेच ठेवलेली आहेत. राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाने ही नावं इंटरनेटवर दिली आहेत आणि ती शोधता येतात. म्हणजे युद्धात बोटीबरोबर बुडाला त्याचं नाव नातवंडांना मिळतं. जो हाडं झिजवून जिवंत परत आला आणि गावी खोकत मेला, त्याचं नाव कुठे शोधायचं? माझे पणजोबा या दुसऱ्यांतले. हजारो खलाशी या दुसऱ्यांतलेच.

आपल्याकडच्या एका सरकारी कार्यालयात मी विचारायला गेलो, तर कागद कुठल्या रुमालात आहे ते अर्जात लिहा, असं सांगितलं. यादीच नाही, तर रुमाल मी कुठून सांगणार? समोरच्या माणसाला मी दोष देत नाही. त्यालाही कोणी यादी दिलेली नाही.

हे काम होण्याजोगं नाही, असं कृपया कोणी म्हणू नये. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा कुणबी नोंदींसाठी जिल्ह्याजिल्ह्यांतली मोडी दप्तरं उघडली. मोडी वाचणारे शोधून आणले, कागद स्कॅन केले, जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढवले. सरकारने मनावर घेतलं की वर्षानुवर्षं न सुटलेल्या गाठी सुटतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

तेवढंच मनावर इथेही घ्या. करवीर दप्तरातले मालवण, सिंधुदुर्ग आणि आरमाराशी संबंधित रुमाल आधी वेगळे काढून त्यांची यादी करावी. स्कॅनिंगला वेळ लागला तर लागू दे, पण यादी आधी हवी, आणि तीत फक्त सरदारांची नव्हे तर हजेरीपटावरच्या प्रत्येक माणसाची नावं हवीत. शिपिंग हा विषय केंद्राचा, हे मला कळतं. तरी मुंबईच्या शिपिंग ऑफिसातली खलाशांची जुनी रजिस्टरं जिथे, जेवढी शिल्लक असतील ती कसरीच्या तोंडी जाण्याआधी राज्याच्या पुराभिलेखागाराकडे द्यावीत, असं पत्र आपण दिल्लीला लिहू शकता. मुंबईचं आपलं पुराभिलेखागार १८२१ पासूनचं आहे. ही रजिस्टरं ठेवायला त्याहून योग्य जागा नाही.

मोडी वाचणारी माणसं कोल्हापुरात आहेत. आपल्याच संचालनालयाच्या वर्गांत शिकलेली आहेत, आणि त्यांतले काही जण माझ्याबरोबर या कामाला विनामोबदला बसायला तयार आहेत. परवानगी आणि एक टेबल मिळालं की सोमवारपासून सुरुवात करू.

आपल्या उत्तराची वाट पाहतो.

आपला नम्र,
एका आगवाल्याचा पणतू, कोल्हापूर