आकड्यासोबत नमुन्याची नोंदही द्या

महोदय,

सिंहस्थ जवळ आला की गोदावरीच्या पाण्याचे अहवाल वृत्तपत्रांत झळकू लागतात आणि चर्चा बीओडी (पाण्यातले सेंद्रिय द्रव्य कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू) किती आला यावरच घुटमळते. तपासलेल्या पाण्याची बाटली रामकुंडावर कोणी, किती वाजता आणि काठाशी की प्रवाहात भरली, हे सहसा कोणी विचारत नाही. न्यायालयात मात्र उलटतपासणी इथूनच सुरू होते.

जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ च्या कलम २१ नुसार कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना घेताना भोगवटादाराला (कारखाना ज्याच्या ताब्यात आहे त्याला) नोटीस देणे, त्याने मागणी केल्यास नमुन्याचे दोन भाग करणे, ते सील करून त्यांवर सह्या घेणे आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे विनाविलंब पाठवणे आवश्यक आहे. यात कसूर झाल्यास पृथक्करणाचा निकाल पुराव्यात ग्राह्यच धरला जात नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाला पुरावा कायद्याचे बंधन नाही हे खरे. पण म्हणून प्रतिपक्षाचा वकील नमुना थंड ठेवणाऱ्या बर्फाच्या पेटीबद्दल विचारायचे सोडत नाही.

आणि त्याने विचारावेच. स्नानाच्या पाण्यासाठी बीओडीची मर्यादा लिटरला ३ मिलिग्रॅम आहे. गोदावरीला मिळणाऱ्या नासर्डी नदीच्या पुलाखाली भरलेली बाटली दुपारभर गाडीत तापत राहिली, तर तिच्यातले जिवाणू प्रयोगशाळेत पोहोचण्याआधीच सेंद्रिय द्रव्य फस्त करू लागतात आणि बीओडी प्रत्यक्षापेक्षा कमी भरतो. म्हणजे हलगर्जी सरकारी आणि लाभ प्रदूषण करणाऱ्याचा. विरघळलेल्या प्राणवायूसाठी बाटली बुडबुडा न राहू देता काठोकाठ भरून तिथल्या तिथे रसायने घालावी लागतात, तर कोलिफॉर्म (मैलापाणी मिसळल्याची खूण मानले जाणारे जिवाणू) तपासण्यासाठी बाटली निर्जंतुकच हवी. जड धातूंच्या तपासणीत ‘फील्ड ब्लँक’, म्हणजे जागेवर नेऊन तिथेच बाटलीत ओतलेले शुद्ध पाणी, सोबत तपासले नसेल, तर सापडलेला धातू नदीतला की बाटलीतला, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

हौशी मंडळींनी शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून आणलेले पाणी तक्रारीला पुरते, खटल्याला नाही. त्या तक्रारीच्या आधारे प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे रीतसर नमुना घेण्याची मागणी करणे अधिक उपयोगाचे.

तेव्हा प्रदूषण नियंत्रण मंडळाने व महापालिकेने यापुढे प्रत्येक अहवालासोबत नमुन्याचे ठिकाण, वेळ, साठवणीचे तापमान, तो कोणाकडून कोणाच्या ताब्यात गेला याची नोंद आणि ब्लँकचा निकाल संकेतस्थळावर द्यावा. हे सारे नोंदपत्रकात असायलाच हवे. ते प्रसिद्ध करायला वेगळा निधी लागू नये.

– एक वाचक, नाशिक