सहल वॉटर पार्कलाच का?

महोदय,

आमच्या गावच्या शाळेची यंदाची सहल वॉटर पार्कला गेली. माझा नातू गेला होता, मजा आली म्हणतो. त्याच सुमारास धानाची मळणी आटोपली म्हणून आम्ही घरचे सात जण तूफान गाडी ठरवून गडचिरोली जिल्ह्यातल्या हेमलकशाला आमट्यांचे प्राणी पाहायला गेलो. तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात घोळते आहे.

आम्ही सिंदेवाही तालुक्यातले. आम्हाला जनावरांचे काय कौतुक? वाघ नहराच्या पाळीवर दिसतो, हरभरा आमच्याआधी रोही आणि डुकरे खातात. ‘अस्वल पाहायले गाडीभाडं कोण देते?’ असे वहिनी गाडीत बसेपर्यंत म्हणत होत्या. पहाटे चारला निघालो. मूल, आष्टी झाले. आष्टी ते आल्लापल्ली लोहखनिजाच्या ट्रकांमागे धूळ खात गेलो. त्याचे वेगळे पत्र लिहावे लागेल.

हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प १९७३ सालचा. प्राण्यांचे तिथले सुरू झाले ते नंतर, एका माकडाच्या पिल्लापासून. माडिया आदिवासी शिकारी मारलेले माकड घेऊन चालले होते आणि मेलेल्या आईला पिल्लू बिलगलेले होते. डॉ. प्रकाश आमटे यांनी ते मागून घेतले. म्हणून त्या जागेला प्राण्यांचे अनाथालयच म्हणतात. माणसाच्या हातून दूध पिऊन वाढलेल्या बिबट्याला शिकार येत नाही, माणसाचे भयही उरत नाही, तो जंगलात परत जाणार कसा? हे ऐकल्यावर पिंजऱ्याकडे पाहण्याची नजर जरा बदलते.

आमच्या वहिनी तीस वर्षे मोह वेचतात. दोनदा अस्वलापासून पळाल्या, पण त्याचे तोंड कधी पाहिले नव्हते. पळताना कोण मागे वळून पाहतो? त्या दिवशी जाळीपाशी अर्धा तास उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘बाप्पा, इवलेसे डोरे हायेत याचे!’ मग कळले की अस्वलाला नाकाने दुरून कळते, पण डोळ्यांनी कमीच दिसते. पहाटेच्या अंधारात वाकून, गुपचूप वेचणारी बाई त्याला अगदी जवळ आल्यावर दिसते, आणि दचकलेले अस्वल अंगावर येते. मोहफूल त्यालाही आवडते, तेव्हा दोघांची वेळ आणि झाड एकच. वहिनींनी तिथेच ठरवले, यंदा उजाडल्याशिवाय जायचे नाही आणि आपसात मोठ्याने बोलत जायचे. तीस वर्षांत हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

माझेही तसेच. सायाळ काटे फेकून मारते, असे मी साठ वर्षे मानत आलो, नातवालाही तेच सांगितले. ती फेकत नाही. पाठ करून मागे रेटते आणि सैल काटे समोरच्याच्या अंगात रुततात. नातू माझ्याकडे पाहून हसला.

एक गोष्ट खटकली. बिबट्यापुढे काही तरुण टाळ्या पिटत होते, त्याने गुरगुरावे म्हणून. त्यात आमचा भाचाही शिट्टी वाजवू लागला. वहिनींनी त्याला झापले, ‘तुह्या दारात कोणी शिट्ट्या मारल्या तं चालन का?’ बाकीच्यांना कोण झापणार?

सांगायचे ते असे. जंगलकाठच्या आमच्या पोरांना ही जनावरे ठाऊक असतात ती फक्त ‘सांजच्याला बाहेर जाऊ नको’ या वाक्यातून, नाहीतर पंचनाम्यातून. जाळीआड, शांतपणे, कोणी समजावून सांगत असताना ती कधी पाहायला मिळत नाहीत. ज्यांचे आईबाप तेंदूपत्ता आणि मोहासाठी जंगलात जातात, त्या सिंदेवाही, ब्रह्मपुरी, नागभीडच्या शाळांनी पाचवी ते आठवीची एक तरी सहल तिकडे न्यावी. पावसाळ्यात नको, नदीनाल्यांना पूर आला की तिकडची वाट बंद होते. धान घरी आल्यावर न्यावी. अंतर मोठे आहे, एका दिवसात पोरे दमतात, म्हणून मुक्कामाची सोय आधी पाहावी लागेल.

आमच्या शाळेचे गुरुजी हे पत्र वाचतील, त्यांच्याकडे हा पेपर येतो. स्वयंपाकाची मोठी भांडी माझ्याकडे आहेत. सोबत मोठा माणूस हवा असेल तर मी येतो, आणि वहिनीही तयार आहेत.

– एक धान उत्पादक शेतकरी, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर