‘ट्रान्सफर लॉक’ लावा म्हणे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला डोमेनचोरीवरचा, म्हणजे संकेतस्थळाचे नाव पळवण्यावरचा, लेख वाचला. लेख चांगला, चौकटही सुबक. मात्र ‘ट्रान्सफर लॉक लावा आणि निश्चिंत राहा’ हे ठळक अक्षरांत छापण्याआधी ते लॉक, म्हणजे नाव दुसऱ्या कंपनीकडे जाऊ न देणारे कुलूप, लावायचे-काढायचे बटण कोणाच्या खात्यात असते, एवढे तरी लेखकमहाशयांनी सांगायला हवे होते.

मी तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयाचा कार्यवाह. आमचे संकेतस्थळ बनवून देणाऱ्या गृहस्थांनी डॉट कॉमचे नाव स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ईमेलवर घेतले. दरवर्षी पैसे वाचनालयाचे, पावती वाचनालयाच्या नावाची, नोंदणीत मालक मात्र ते. पाटी रंगवायला बोलावलेल्याने दुकानच आपल्या नावावर चढवून घ्यावे, तसला प्रकार! गेल्या वर्षी कार्यकारिणीने दुसरीकडे जायचे ठरवले आणि नाव हलवायला लागणारा परवलीचा ‘ऑथ कोड’ मागितला, तर उत्तर काय? ‘सर, तुमचे डोमेन लॉक आहे. सेफ्टीसाठी.’ लॉक काढा म्हटले, तर ‘सर्व्हरला प्रॉब्लेम आहे’. मग ‘६० दिवस थांबावे लागते’. मग फोनच उचलेनात.

ते ६० दिवस नाव नव्याने घेतल्यावर किंवा एका रजिस्ट्रारकडून (नावे नोंदवून देणाऱ्या कंपनीकडून) दुसऱ्याकडे नेल्यावर लागतात. आमचे नाव चांगले जुने होते. शिवाय मालकाने मागितल्यावर ५ दिवसांत रजिस्ट्रारने कोड द्यायचा, असा डोमेन नावांचा जागतिक कारभार बघणाऱ्या ‘आयकॅन’ या संस्थेचा नियम आहे. म्हणून रजिस्ट्रार कंपनीला थेट लिहिले. अत्यंत नम्र उत्तर आले: नोंदणी तुमच्या नावावर नाही. नोंदणीत कोणाचे नाव आहे ते आधीच बघायला हवे होते, असे शहाणे लोक म्हणतील. त्यांना सांगतो, २०१८ पासून बहुतेक डॉट कॉम नावांची ती माहिती झाकलेली असते. शेवटी अध्यक्षांच्या ओळखीच्या वकिलांचे पत्र गेले, ‘मागील बाकी’ म्हणून काही रक्कमही उकळली गेली, तेव्हा कुठे कोड मिळाला.

लेखात न्यूयॉर्कच्या ‘पॅनिक्स’ या इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीचा उल्लेख आहे, पण अर्धवट. जानेवारी २००५ मध्ये तिचे डोमेन नाव परस्पर ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न आयटी या रजिस्ट्रारकडे गेले. शनिवार-रविवार असल्याने तिथले कार्यालय बंद, आणि गिऱ्हाइकांची ईमेल भलतीकडे. मालकाची संमती तपासायचे काम होते मेलबर्न आयटीच्या एका रीसेलरचे, म्हणजे तिच्या वतीने नावे विकणाऱ्या मध्यस्थाचे. त्याने ती तपासलीच नाही. त्यात जुन्या रजिस्ट्रारने ५ दिवसांत हरकत घेतली नाही तर होकार समजायचा, हा नियम दोनच महिन्यांपूर्वी लागू झालेला. पुढे ऑगस्ट २०१३ मध्ये सीरियातल्या तेव्हाच्या सरकारच्या बाजूच्या हॅकरांनी न्यूयॉर्क टाइम्सच्या संकेतस्थळाची वाट वळवली, तीही त्याच कंपनीच्या रीसेलरचा पासवर्ड मिळवून. ज्या नावांवर ‘रजिस्ट्री लॉक’ होते, ती तेवढी बचावली. हे लॉक वरचे. डॉट कॉमची नोंदवही सांभाळणाऱ्या व्हेरिसाइनपर्यंत जाऊन खातरजमा झाल्याशिवाय ते निघत नाही. त्याचे वेगळे पैसे पडतात. चौकटीत या लॉकचे नावही नाही.

दोन्ही वेळा घोळ मधल्या माणसाकडे झाला. आपल्याकडच्या शाळा, पतसंस्था, दुकानदार यांचा तर सगळा कारभार या मधल्या माणसावरच चालतो. त्याच्याच खात्यातले लॉक त्याच्यापासून कोणाला वाचवणार?

लॉक लावूच नये, असे माझे म्हणणे नाही. जरूर लावावे. पण आधी नोंदणीतले नाव आणि ईमेल संस्थेचे आहे ना, हे खात्यात शिरून बघा, एवढे एक वाक्य चौकटीत सहज बसले असते. जागेची अडचण म्हणावी, तर त्याच पानावर खाली ‘डोमेन फ्री, वेबसाइट एका दिवसात’ अशी पाव पानाची जाहिरात होती. फ्री डोमेन कोणाच्या नावावर मिळणार, हे आपल्या जाहिरात विभागाने विचारून घेतले असेलच म्हणा.

कळावे,
एका वाचनालयाचा कार्यवाह

ता. क. : रविवारची पुरवणी आमच्याकडे सोमवारच्या अंकाबरोबर येते. सोमवारच्या अंकात रविवारच्या शब्दकोड्याची उत्तरे असतात. वितरण विभागाला कळवून झाले आहे.