स्वीट पी फुलत नाही, कारण वाण चुकतं

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

थंडीची चाहूल लागली की पुरवण्यांमधून हंगामी फुलझाडांच्या टिपा यायला लागतात. त्यात स्वीट पीचं नाव हमखास असतं आणि फोटोही देखणा असतो. माहिती मात्र बहुतेकदा विलायती पाकिटावरून उतरवलेली असते. ती वाचून ठाणे, वाशी, खारघरकडची मंडळी हौसेने बी आणतात. वेल ग्रिलभर चढतो, हिरवागार दिसतो, आणि शिमगा आला तरी त्यावर एक कळी नसते. मग दोष मातीला दिला जातो, नाहीतर ‘आपला हातच वाईट’ म्हणून खिडकीतली पेटी रिकामी केली जाते. बहुतेक वेळा चूक बी विकत घेतानाच झालेली असते.

स्वीट पी मूळची सिसिली आणि दक्षिण इटलीकडची. तिथे ती पावसाळी थंडीत वाढते, वसंतात फुलते आणि उन्हाळा लागताच वाळते. १६९९ मध्ये फ्रान्सिस्को कुपानी या सिसिलीतल्या धर्मगुरूने तिचं बी इंग्लंडला पाठवलं. पुढे तिथल्या लांबलचक उन्हाळी दिवसांत तिच्या मोठ्या, चुणीदार पाकळ्यांच्या ‘स्पेन्सर’ जाती तयार झाल्या. पाकिटावरचे सुंदर फोटो बहुधा त्यांचेच. या जाती दिवस बारा तासांच्या आसपास गेल्याशिवाय कळी धरत नाहीत. ठाण्यात डिसेंबरअखेरीस दिवस साधारण ११ तासांचा असतो आणि १२ तास भरतात ते मार्चच्या मध्यावर. तोवर इथला पारा पस्तिशीला टेकलेला असतो, म्हणजे वेलाला फुलायची सवड मिळते तेव्हा त्याचा मरायचा मुहूर्त आलेला असतो. खत, फवारणी, जागाबदल यांपैकी कशानेही हे गणित बदलत नाही.

म्हणून पाकिटावर फोटो पाहू नका, वाणाचं नाव पाहा. ‘विंटर एलिगन्स’, ‘मॅमथ’, ‘अर्ली मल्टीफ्लोरा’ ही आखूड दिवसांत फुलणारी वाणं आहेत. ‘कथबर्टसन’ही चालतं, पण थोडं मागून फुलतं. नुसतं ‘स्वीट पी मिक्स’ लिहिलेलं असेल आणि दुकानदाराला पुढचं सांगता येत नसेल, तर पाकीट ठेवून परत या. खिडकीची पेटी लहान म्हणून बुटक्या वाणाचा मोह होतो. पण आपल्या खिडक्यांना ग्रिल असतंच, वेलाला चढायला जागा आयती आहे. उंचीपेक्षा लवकर फुलणं महत्त्वाचं.

पेटी किमान २० सेंटिमीटर खोल हवी, २५ मिळाली तर उत्तम, कारण मुळं सरळ खाली जातात. ६० सेंटिमीटर लांब, २० रुंद आणि २० खोल पेटीत २४ लिटर मिश्रण बसतं. नुसती लाल माती भरली तर भिजल्यावर ती पस्तीस-चाळीस किलोच्या घरात जाते, शिवाय डिसेंबरपर्यंत विटेसारखी आवळते. त्यापेक्षा चार भाग माती, तीन भाग जुनं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, दोन भाग कोकोपीट आणि एक भाग जाडी वाळू असं मिसळा. कोकोपीट दोन-तीन पाण्यांत धुऊन घ्या, नाहीतर त्यातल्या क्षाराने कोवळी मुळं करपतात. कोकणातली लाल माती आंबट असते आणि स्वीट पीला किंचित चुनखडीची माती मानवते, म्हणून पेटीमागे दोन चमचे डोलोमाइट (चुनखडीसारख्या दगडाची पूड) आणि दोन मुठी निंबोळी पेंड घाला. युरिया अजिबात नको. नत्र वाढलं की पानं माजतात आणि कळ्या गळतात. पेटी ग्रिलच्या आत, तारेने बांधून ठेवा, छज्ज्याच्या कडेवर नको. खाली ताटली हवीच. खालच्या मजल्यावरच्या कपड्यांच्या दांडीवर मातीचं पाणी ठिबकलं की तक्रार सोसायटीच्या कार्यालयात पोचते, आणि ती रास्त असते.

जागा निवडताना हिवाळ्यातला सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो हे ध्यानात ठेवा. डिसेंबरच्या भर दुपारीही तो क्षितिजापासून सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस अंशांवरच असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीत ऊन छज्ज्याखालून आत येतं. फेब्रुवारीत तो वर चढतो आणि छज्ज्याची सावली पेटीवर येते. कळ्या भरात असतानाच ऊन तुटतं, म्हणून तेव्हा पेटी ग्रिलच्या आतच, पण बाहेरच्या कडेला सरकवावी लागते. पूर्वेची खिडकी सगळ्यांत निर्धोक, चार-पाच तास सकाळचं ऊन पुरतं. पश्चिमेची खिडकी जानेवारीअखेरपर्यंत ठीक, पुढे दुपारनंतर ती भाजते. उत्तरेच्या खिडकीत हा खटाटोप करू नका.

पेरणी १ ते २० नोव्हेंबरच्या दरम्यान, म्हणजे ढोबळमानाने तुळशीच्या लग्नाच्या आगेमागे. ऑक्टोबरच्या उकाड्यात टाकलेलं बी कुजतं. हे बी १३ ते १८ अंशांत सुखाने उगवतं आणि तेवढा गारवा नोव्हेंबरात इथे नसतो. त्यावर उपाय स्वयंपाकघरातलाच आहे: मटकीला आणतो तसे मोड आणायचे. बियांचं कवच टणक असतं. नेलकटरने बीच्या डोळ्याच्या विरुद्ध बाजूला जरासा टवका काढा, आतला फिकट गर दिसला की पुरे. मग पाच-सहा तास पाण्यात ठेवा. चोवीस तास भिजवायचा सल्ला सर्रास दिला जातो, तो आपल्या हवेत घातक आहे. पाण्यात बी गुदमरतं आणि आंबतं. निथळून ओलसर, पण पिळलेल्या फडक्यात गुंडाळा आणि माठाच्या बुडाशी, गार जागी ठेवा. दिवसातून एकदा उघडून वास घ्या. आंबूस वास आला तर मऊ पडलेलं बी काढून टाका आणि फडकं बदला. चार ते सहा दिवसांत पांढरा कोंब दिसतो. तो अर्धा सेंटिमीटर झाला की बी पेटीत दोन सेंटिमीटर खोल, कोंब खाली करून लावा. कोंब त्याहून लांबला तर लावताना मोडतो.

६० सेंटिमीटरच्या पेटीत सहा रोपं, फार तर सात. बारा लावली की सगळी उंच, पिवळी आणि उपाशी राहतात. लावल्याबरोबर वर जाळी बांधा. आपल्याकडचे पारवे बी उकरतात आणि कोवळे शेंडे तर आवडीने खुडतात. रोप वीतभर होईपर्यंत जाळी काढू नका.

तिसऱ्या पानाच्या जोडीवर शेंडा एकदाच खुडा, म्हणजे बुडातून दोन-तीन जोमदार फुटवे येतात. पेरणी नोव्हेंबरअखेरीस गेली असेल तर खुडूच नका. खुडल्याने फुलं लांबतात आणि तेवढे दिवस आपल्या हंगामात शिल्लक नसतात.

ग्रिल असूनही वेल खाली लोळतो, ही तक्रार नेहमीची. त्याची तणाव्याची टोकं दोऱ्याइतकी बारीक असतात. सुतळीला ती एका दिवसात वेढा घालतात, पण ग्रिलच्या बोटभर जाड चौकोनी पट्टीभोवती त्यांचा वेढा पुरा होत नाही. टोक पट्टीला टेकतं, वळायला बघतं आणि सुटून खाली येतं. शिवाय उन्हात लोखंड तापतं ते वेगळंच. म्हणून रोप चार बोटं वाढायच्या आतच पेटीपासून ग्रिलच्या वरच्या पट्टीपर्यंत दर १० सेंटिमीटरवर उभी सुतळी ओढून बांधा आणि वीत-वीत अंतरावर आडवी गाठवा. नायलॉनची दोरी गुळगुळीत असते, तिच्यावरून वेल घसरतो.

पाणी डिसेंबरात एक दिवसाआड सुमारे एक लिटर, फेब्रुवारीत रोज. पण आकड्यापेक्षा बोट खरं: दोन पेरं खाली माती ओलसर लागली तर त्या दिवशी पाणी नको. कळ्या पिवळ्या पडून गळतात त्यामागे बहुधा साचलेलं पाणी असतं, नाहीतर तोडकं ऊन. कळी धरताना राखेचं किंवा पोटॅशचं खत पंधरा दिवसांनी, अगदी हलक्या हाताने. फेब्रुवारीत पूर्वेचे कोरडे वारे सुटले की मातीवर उसाच्या चिपाडाचा चुरा पसरा. रसवंतीवाला तो आनंदाने देतो.

शेंड्यावर मावा आला तर पाण्याच्या फवाऱ्याने धुवा. राहिलाच तर लिटरमागे ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन थेंब भांड्यांचा द्रवसाबण घालून संध्याकाळी फवारा. पानामागे बारीक जाळं आणि पानावर ठिपके दिसले तर तो लाल कोळी. त्याला कोरडेपणा आवडतो, म्हणून पानांच्या मागून पाणी मारा. पानांवर पांढरी भुकटी म्हणजे भुरी. त्यावर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरमागे २ ग्रॅम, तेही गार सकाळी. तेलाच्या फवाऱ्यानंतर दोन आठवडे गंधक मारू नका, पानं जळतात.

पेरणीपासून ७५ ते ९० दिवसांत फुलं येतात. देठावरचं खालचं फूल उमललं की सकाळी लवकर देठ कापून पेल्यात ठेवा, खोलीभर वास दरवळतो. फुलं दर दुसऱ्या दिवशी तोडायलाच हवीत. शेंग धरू दिली की वेल समजतो काम झालं आणि कळ्या थांबवतो. बी ठेवायचं असेल तर शेवटच्या पंधरवड्यात एकाच वेलावर दोन-चार शेंगा राखा. परागण फूल उमलायच्या आतच झालेलं असतं, त्यामुळे बी बहुतेक वाणाशी इमान राखतं. पूर्ण वाळवून हवाबंद बाटलीत, फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर इथल्या पावसाळ्यात ते बुरसतं.

पुरवण्यांमध्ये सहसा न येणारी एक गोष्ट इथे ठळक करावीशी वाटते. या शेंगा दिसायला वाटाण्याच्या शेंगांसारख्या असतात, पण त्या आणि आतलं बी विषारी आहे. ही लाखोळीच्या, म्हणजे लाख डाळीच्या, कुळातली वेल. हिवाळ्यात घरोघरी मटार सोलला जात असतो आणि मुलं हाताला लागेल ती शेंग तोंडात घालतात. लहान मूल असलेल्या घरात एकही शेंग वेलावर राहू देऊ नये आणि बियांची बाटली डाळींच्या फळीवर ठेवू नये.

मार्चच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात बुडाची पानं वाळायला लागली की वेल मातीलगत कापा. मुळं तशीच राहू द्या, त्यांच्या गाठींमधलं नत्र मातीत उतरतं. त्याच पेटीत, त्याच सुतळीवर, गोकर्णाचं बी टाकता येतं. त्याला पुढचं ऊन चालतं.

आपला,
एक वाचक, नौपाडा, ठाणे