कोडीनचे सिरप पोह्यांच्या चमच्याने नको

महोदय,

खोकला सुरू झाला की कपाटातली जुनी बाटली बाहेर येते. तिच्या लेबलवर ‘कोडीन’ असेल, तर ते अफूवर्गातले औषध आहे. आपल्याकडच्या नेहमीच्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १० मिलिग्रॅम कोडीन आणि ४ मिलिग्रॅम क्लोरफेनिरामाइन (ॲलर्जीवरचे औषध) असायचे; या जोडीवर केंद्राने २०२३ मध्ये बंदी घातली. दोन्ही गुंगी आणतात. मात्रा डॉक्टरांनी लिहिलेलीच घ्यावी, तीही मापाच्या टोपणाने. घरातल्या मोठ्या चमच्यात १५ मिलिलिटर मावते, म्हणजे ५ मिलिलिटरच्या थेट तिप्पट!

यकृतात कोडीनचे मॉर्फिन होते. काहींच्या शरीरात हे फार झपाट्याने होते आणि नेहमीच्या मात्रेतही श्वास मंदावतो. सोबत दारू किंवा अल्प्राझोलमसारखी झोपेची गोळी असेल तर धोका कैक पटींनी वाढतो. दमेकरी, सीओपीडीचे (श्वासनलिका अरुंद करणाऱ्या फुप्फुसाच्या जुनाट आजाराचे) रुग्ण आणि अंगावर पाजणाऱ्या माता यांनी ते टाळावे. घेतल्यावर गाडी चालवू नये. माणूस हलवूनही जागा होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील तर लगेच १०८ ला फोन करावा.

मुळात हे औषध कोरड्या खोकल्याचे. कफ सुटत असताना घेतले तर तो छातीतच साचतो. रामिप्रिलसारख्या रक्तदाबाच्या गोळीनेही कोरडी ढास लागते. तिथे सिरप नव्हे, गोळी बदलून घ्यावी लागते. दोन आठवड्यांवर खोकला टिकला तर आधी थुंकीची तपासणी.

कोडीन ‘एच-१’ अनुसूचीत, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या सरकारी यादीत आहे. विक्रेत्याने चिठ्ठी पाहून रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव वेगळ्या वहीत नोंदवायचे आणि ती नोंद तीन वर्षे जपायची असते. चिठ्ठी मागितली म्हणून त्याच्याशी हुज्जत घालू नये.

– एक औषधनिर्माता