बंड्याच्या ताईंना मनापासून

ताई, सप्रेम नमस्कार.

बंड्याला शिकवल्याबद्दल फोनवर तुमचे आभार मानले खरे, पण मन भरलं नाही. शिवाय ज्यांच्या घरी असाच एखादा धुमाकूळ घालणारा जीव आहे त्यांच्याही कानावर हे पडावं, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

आमचा बंड्या म्हणजे दीड वर्षाचा बीगल जातीचा कुत्रा. ठाण्यातला छोटासा फ्लॅट, बाहेर आषाढातली संततधार, आणि घरात उशांचा कापूस जिकडेतिकडे. बेल वाजली की घर डोक्यावर घ्यायचा. जो तो सांगायचा, "अजून पळवा." एकदोघांनी तर "कुणालातरी देऊन टाका" इथपर्यंत मजल मारली होती. तुम्ही मात्र आल्या आल्या खाली बसलात, त्याला तुमची पिशवी हवी तेवढी हुंगू दिलीत आणि म्हणालात, "नुसतं पळवून याचा दम वाढेल. याच्या नाकाला काम द्या." इंग्लंडमध्ये ससे वासावरून हुडकण्यासाठी बीगल पाळले गेले, माग काढणं त्याच्या रक्तातच आहे, हे तुम्ही सांगितलंत आणि बंड्याकडे बघायची आमची नजर बदलली.

वाट्यांचा खेळ आता रोजचा झालाय. स्टीलच्या तीन वाट्या उपड्या, एकीखाली त्याच्या खाण्यातला एक दाणा. सुरुवातीला तो तिन्ही उधळून द्यायचा. आता एकेका वाटीच्या कडेला नाक लावतो, फुसफुस करत हुंगतो, स्टीलवर वाफेचे ठिपके उमटतात. कुत्रा श्वास सोडतो तो नाकपुडीच्या बाजूच्या फटीतून, म्हणून पुढून वास आत येतच राहतो, हे तुम्ही दाखवल्यापासून मी ते रोज निरखते. बरोबर वाटीपाशी आला की आता पंजा मारत नाही, खाली बसतो आणि माझ्याकडे बघतो. पाच मिनिटं होतात न होतात तोच खेळ थांबवायचा, त्याला अजून हवा असतानाच. ही तुमची अट आम्ही कसोशीने पाळतो. जुन्या टॉवेलच्या गुंडाळीत दाणे लपवणं आहेच, पावसाच्या दिवसांत त्याचा फार आधार वाटतो.

सगळ्यात मोठे आभार माझ्या आईकडून. तिचे गुडघे दुखतात, बंड्याला फिरवणं तिला झेपत नाही. तिला तुम्ही "जागेवर" शिकवलंत: सतरंजीवर बसवायचं, एक पाऊल मागे जायचं, परत येऊन दाणा द्यायचा, मग दोन पावलं. ती खुर्चीत बसूनही हे करून घेते. पूर्वी त्याला बिचकून असणारी आई आता दुपारी स्वतःहून हाक मारते, "चल रे बंड्या, अभ्यासाला." अभ्यास झाला की स्वारी तिच्या पायाशी आडवी!

आणि हो, बीगल पटकन जाड होतात म्हणून बक्षिसाचे दाणे दिवसाच्या मापातूनच काढायचे, हेही तुम्ही बजावलंत ते बरं झालं. नाहीतर आमच्याकडे लाड करणारे हात काही कमी नाहीत. सकाळसंध्याकाळचं फिरणं चालूच आहे, फक्त आता आम्ही त्याला ओढत नाही. खांब, झाडाचा बुंधा, ओली माती, जे हुंगायचं ते हुंगू देतो.

दिवाळीत घरी यायचंच. आई चकल्या करणार आहे. ताटं मांडलेली असताना बंड्याच्या "जागेवर"ची परीक्षा घ्या, तो पास होईल याची मला खात्री आहे.

तुमची,
बंड्याची आई