गावाला यंत्रं नकोत, खळवाडीची जागा द्या

प्रति,
मा. ग्रामविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: लहान गावांतील वापरात नसलेल्या खळवाडीच्या (पिकाच्या मळणीसाठी राखलेल्या) जागा क्रीडांगण व उद्यानासाठी नोंदवून देण्याबाबत

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मराठवाड्यातल्या दीड-पावणेदोन हजार वस्तीच्या गावातून हे पत्र लिहितो आहे. गावाचं नाव मुद्दामच देत नाही. दिलं तर हे एका गावाचं गाऱ्हाणं ठरेल, तालुक्याला फोन जाईल आणि चार दिवसांत कुणीतरी येऊन यंत्रांना रंग मारून जाईल. आमची तक्रार रंगाची नाही.

यंत्रं म्हणजे ओपन जिम. पाण्याच्या टाकीखाली, मुरमावर सिमेंटचे ठोकळे टाकून सहा यंत्रं बसवली आहेत. बसवली त्या दिवशी नारळ फुटला, फोटो निघाले. आज त्यातल्या चालायच्या यंत्राचा एक पाय निखळलेला आहे, उरलेल्या एका पायावर दोन-दोन पोरं उभी राहून झोका घेतात. कमरेच्या चकतीचा बोल्ट गेला, तिथे कुणीतरी शेळी बांधायचा दोर अडकवला आहे. हँडलवर गोधड्या वाळतात. नावांचा फलक मात्र शाबूत आहे, त्याचा पत्रा यंत्रांपेक्षा जाड असावा. यंत्रं कुणी निवडली, काय भावाने घेतली, हे गावाला माहीत नाही. वरून निरोप आला होता की जागा दाखवा. जागा दाखवली. आता दुरुस्तीचं विचारलं तर ग्रामपंचायत म्हणते, ती आमच्या जडवस्तू नोंदवहीत नाहीत. आणि ज्यांनी दिली ते म्हणतात, आम्ही ती हस्तांतरित केली आहेत.

बरं, आमच्या गावात व्यायाम नेमका कुणाला कमी पडतो? दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाईला संध्याकाळी खांदे फिरवायचं यंत्र कशाला हवं? तिला टेकायला जागा हवी. पोरांना पळायला जागा हवी. म्हाताऱ्यांना दोन बाकडी आणि त्यावर सावली हवी. यातलं काहीच यंत्रांच्या कॅटलॉगात मिळत नाही.

पळण्याचंच घ्या. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावावं लागतं. शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक. आमच्या गावची पोरं-पोरी याची तयारी डांबरी रस्त्यावर करतात, पहाटे पाचच्या अंधारात, कारण उजाडल्यावर वाहनं वाढतात. मोटारसायकलच्या मीटरवर अंतर मोजून पुलाच्या कठड्याला चुन्याची खूण केली आहे. तिथून फाट्यावरच्या बाभळीपर्यंत आठशे. मुली पळतात तेव्हा कुणाचा तरी भाऊ मागून गाडी लावून उजेड पाडतो, आणि भाऊ नसेल त्या मुलीचा सराव त्या दिवशी बुडतो. उसाच्या हंगामात याच रस्त्याने दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर जातात आणि मागच्या ट्रॉलीला दिवा असेलच याची खात्री नसते. गोळा शाळेच्या आवारात टाकावा म्हटलं, तर शाळेचं मैदान म्हणजे दोन वर्गखोल्या आणि पोषण आहाराचं स्वयंपाकघर यांच्यामधलं फरसबंद अंगण. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेला खेळाचं मैदान सांगितलं आहे. आमच्या शाळेच्या कागदावर ते आहेही, त्या अंगणालाच मैदान म्हटलं आहे.

मैदानाचा विषय निघाला की भाषणात गोळेश्वरचे खाशाबा जाधव येतात, 1952 चं हेलसिंकीचं कांस्यपदक येतं, मांडव्याचा धावपटू अविनाश साबळे येतो. अभिमान आम्हालाही आहे. पण मैदान मागताना आम्ही पदकाचं वचन देणार नाही. शहरातल्या बागेत संध्याकाळी चालणाऱ्यांना कुणी विचारतं का, की यातून ऑलिम्पिकला कोण जाणार?

आता बायकांचं. गावात पुरुषाला बसायला पार आहे, देवळाचा ओटा आहे, फाट्यावरचं हॉटेल आहे, काहीच नसेल तर ग्रामपंचायतीची पायरी आहे. बाईला काय? पूर्वी हापसा होता. घरोघरी नळ आले ते फार चांगलं झालं, हंडे वाहायची हौस कुणालाच नव्हती. पण चार बायका एका ठिकाणी, कुणाची परवानगी न घेता, अर्धा तास उभ्या राहायच्या ती जागा त्याबरोबर गेली. तिच्या बदल्यात दुसरी कुणी दिली नाही. माझ्या भावजयीला साखर निघाली, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. ती घराच्या गच्चीवर फेऱ्या मारते. रस्त्यावर चाललं की लोक विचारतात, "कुठं निघालात?" आणि "कुठंच नाही, चालतेय" हे उत्तर आमच्याकडे अजून चालत नाही.

पूर्वी पोरांना मैदान लागत नव्हतं, कारण पीक निघालं की रानच मैदान होतं. आता ठिबक आणि तारेचं कुंपण आलं, रान वर्षभर बंद असतं. गायरान होतं, त्यावर 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने गावांच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं. योग्यच सांगितलं. गायरान आम्ही मागत नाही, ते गुरांचं आहे. (आसपासच्या गावांत सरकारी जमिनींवर सौर प्रकल्पाची मोजणी झाली, एकरांनी जमीन पंधरवड्यात मोजली गेली. दिवसा वीज हवीच, त्याबद्दल दुमत नाही. मोजणी इतक्या लवकर होऊ शकते हे त्यानिमित्ताने कळलं, म्हणून लिहिलं.)

आम्ही मागतो ती खळवाडी. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 चं कलम 22 सरकारी जमीन गावाच्या कोणकोणत्या कामांसाठी राखून ठेवता येते ते सांगतं: गुरचरण, स्मशानभूमी, गावठाण, पडाव, खळवाडी, बाजार. त्याच कलमात रस्ते, गटारं यांच्या पंगतीला उद्यानही बसवलं आहे. म्हणजे ज्या कलमाने गावाला मळणीची जागा दिली, तेच कलम बागेची जागाही देऊ शकतं. आमच्या खळवाडीत शेवटचं खळं कधी लागलं हे गावातल्या तिशीच्या माणसाला सांगता येणार नाही. मळणीयंत्र बांधावर येतं, सोयाबीन रानातूनच पोत्यात पडतं. तरी कागदावर जागा अजून खळवाडीच आहे. प्रत्यक्षात एका बाजूला वेडी बाभूळ, दुसऱ्या बाजूला कडब्याच्या गंजी, मध्ये एका जुन्या ट्रॅक्टरचा सांगाडा आणि कडेने दरवर्षी हातभर आत सरकणारे दोन गोठे. आणखी दहा वर्षं अशीच पडली तर मागायला जागाच उरणार नाही.

किती जागा लागते? फार नाही. वीस गुंठ्यांचा चौरस धरला तर त्याच्या कडेने एक फेरी साधारण 180 मीटरची होते. नऊ फेऱ्यांत भरतीचे 1600 मीटर भरून थोडे वरच उरतात. पुरुषांचं कबड्डीचं मैदान 13 बाय 10 मीटरचं, म्हणजे दीड गुंठ्याच्याही आत. ते मातीचंच हवं, त्यावर काही टाकू नका. उरलेल्या जागेत लहान पोरांची घसरगुंडी, बायकांसाठी ओटा, कडेने कडुनिंब आणि करंज. हिरवळ नको. एप्रिलमध्ये प्यायचं पाणी टँकरने येतं त्या गावात हिरवळ लावणं म्हणजे पाण्याची थट्टा आहे. कारंजं तर मुळीच नको. शेजारच्या गावात आहे, त्यात पालापाचोळा साठतो.

कायद्यात शहर आणि गाव यांत फरक कसा पडला आहे तेही सांगतो. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नगरपालिकांच्या यादीत, उद्यानं, बागा, क्रीडांगणं असं स्वच्छ लिहिलं आहे. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत 29 विषय आहेत. त्यात ग्रंथालयं आहेत, बाजार आणि जत्रा आहेत. मैदान नाही, बागही नाही. आपल्या 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमात आखाडे आणि खेळ-करमणुकीच्या जागा ग्रामसूचीत, म्हणजे पंचायतीच्या कामांच्या यादीत, आहेत, पण सूचीत असणं वेगळं आणि आराखड्यात पैसा पडणं वेगळं. योजनांचीही तीच तऱ्हा. पाच हजार वस्तीवरच्या गावांना नागरी सुविधा योजनेतून बगीचा करता येतो. आमच्यासारख्या लहान गावाला जनसुविधा, आणि जनसुविधा म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे स्मशानशेड आणि ग्रामपंचायत भवन एवढंच येतं. स्मशानशेड झाली, चांगली झाली. पण गावात खास बसण्यासाठी म्हणून सरकारने बांधलेले बाक फक्त तिथेच आहेत, हे जरा विचित्र नाही का?

पैशाचं म्हणाल तर ग्रामपंचायतीची अडचण आम्हाला समजते. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत (2021-26) 60 टक्के बंधित, म्हणजे फक्त पाणी आणि स्वच्छतेसाठी. उरलेल्या 40 टक्क्यांवर रस्ता, गटार, अंगणवाडी सगळ्यांचा डोळा. स्वउत्पन्न म्हणजे घरपट्टी, ती किती वसूल होते ते आपल्या खात्यालाच जास्त माहीत. म्हणून नवीन निधी मागत नाही. जिल्ह्यातून जी यंत्रं गावोगाव वाटली जातात त्यांच्याच पैशात एक पर्याय ठेवा: ज्या ग्रामसभेला यंत्रं नकोत, तिने ठराव करावा आणि तेवढ्याच रकमेत जागा सपाट करणं, कुंपण, झाडं आणि पुढची तीन वर्षं राखणीचा एक माणूस बसवावा. राखणीचा माणूस नसेल तर बाकी काहीही देऊ नका. पहिल्या उन्हाळ्यातच झाडं शेळ्या खातील आणि पुढच्या पावसाळ्यात तिथे कडब्याची गंज उभी राहील, हे आम्हीच आमच्या गावाबद्दल सांगतो आहोत. आणि तो माणूस गावातलीच एखादी बाई असली तर फार बरं, मग बाकीच्या बायका तिथे यायला बिचकणार नाहीत.

महसूल खातं आपलं नाही हे ठाऊक आहे. कलम 22 खालचा आदेश जिल्हाधिकारी काढतील. पण खळवाडी किती गावांत उरली, किती ठिकाणी ती वापरात नाही, कुठे अतिक्रमण झालं, ही यादी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून आपलं खातं महिनाभरात मागवू शकतं. ती यादी दोन्ही खात्यांच्या टेबलावर एकदा आली तर पुढचं काम अवघड नाही.

आमच्या पुढच्या ग्रामसभेत हा ठराव आम्ही मांडणार आहोत. तो पंचायत समितीत जाईल, तिथून वर. त्यावर "निधी उपलब्ध नाही" असा शेरा कृपया पडू देऊ नका. ठरावात निधी मागितलेलाच नाही. सातबारावरचं "खळवाडी" खोडून "क्रीडांगण व उद्यान" लिहावं, आणि मोजणी करून चार कोपऱ्यांना चार दगड रोवून द्यावेत, एवढंच त्यात आहे. वेड्या बाभळी आम्ही काढतो.

आपला,
एक ग्रामस्थ